मुठी मोजणारा डब्बा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हटलेलं मला लागत नाही, कारण या घरात जुन्या वस्तूंना मान आहे. माझ्या कोपऱ्यांचा रंग उडालाय, एका बिजागरीला दोरा गुंडाळलाय आणि 'ळ'चं बटण जरा जोर लावूनच दाबावं लागतं. पंखा सुरू झाला की शेजारची पिठाची गिरणी चालू झाली असं पाहुण्यांना वाटतं. तरी मी आज रडगाणं गायला बसलेलो नाही. मला काही माणसांचे आभार मानायचे आहेत. जोडायला हात नाहीत, म्हणून ही गोष्ट सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. डोळे उघडले ते जळगावात, पाइप बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात. माझ्यासोबत माझ्यासारखेच बरेच भाऊ आले होते. आम्ही दिवसभर पाइपांची मापं आणि बिलं सांभाळायचो. सुरुवातीला साहेब लोक आम्हाला मऊ कापडाने पुसायचे. मग नवे, पातळ लॅपटॉप आले आणि आमची रवानगी स्टोअरच्या कपाटात झाली. कपाटात अंधार होता आणि झुरळं होती. एवढंच सांगतो, जास्त सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल.

त्या स्टोअरमध्ये झुलाल नावाचे गृहस्थ सामान सांभाळायला आणि बारीकसारीक दुरुस्तीला होते. मूळचे साक्रीजवळच्या एका खेड्यातले, बोलायला कमी आणि मनाला लावून घ्यायला जास्त. कंपनीने जुनं सामान काढलं तेव्हा त्यांनी आम्हा दोघा भावांना मागून घेतलं. माझा भाऊ बंदच पडलेला होता, तो त्यांच्या घरी पलंगाखाली राहिला. मी चालू होतो, म्हणून मला टॉवेलात गुंडाळून त्यांनी एसटीने गावी नेलं, त्यांच्या पुतणीसाठी. जळगाव ते धुळे आणि धुळे ते साक्री, सबंध रस्ताभर त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. माझ्यावरचा पहिला उपकार तो.

पुतणीचं नाव सुलक्षणा. धुळ्याला शिकताना तिला प्रोग्रॅमिंगची गोडी लागली होती. नोकरी मात्र मिळाली ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये बिलं करायची. रोज एसटीने जायचं, एसटीने यायचं. प्रोग्रॅम लिहा असं तिला कोणी सांगत नव्हतं आणि त्याचं कोणी काही देणारही नव्हतं. तिला ते आवडायचं, एवढंच. मी घरी आलो तेव्हा तिने मला हळदकुंकू वाहिलं, समोर पेढा ठेवला आणि तो स्वतःच खाल्ला.

आता तिचं एक गुपित सांगू का? रागावणार नाही ती. सुलक्षणाला सुरुवात करायची भारी हौस आणि शेवट करायचा भारी कंटाळा. माझ्या पोटात तिने साक्री-धुळे एसटीच्या वेळा सांगणारा प्रोग्रॅम सुरू केला, तो अर्ध्यावर राहिला. अहिराणी शब्दांचा खेळ सुरू केला, त्यात पाच-सात शब्द घालून झाल्यावर दुसरंच काही सुचलं. काम अडलं की तिला वाटायचं, आपल्याकडे सामानच धड नाही. मग नवा माउस आला, मला ठेवायला स्टँड आला, कानात घालायचं यंत्र आलं, गुबगुबीत खुर्ची आली. माझ्याभोवती इतकी आरास झाली की मी रुखवतात मांडल्यासारखा दिसू लागलो. काम होतं तिथंच राहिलं.

अशात मागच्या श्रावणातली कानबाई आली आणि घरात एक अघटित घडलं.

खानदेशाबाहेरच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. त्यासाठी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे आणि दळायचे. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. या घरची आणखी एक रीत आहे. मुठी घराण्यातली थोरली बाई घेते, आणि मुठी घेताना ती कोणाशी बोलत नाही, तिलाही कोणी काही सांगायचं नसतं. ती मनात एकेक नाव घेते आणि एकेक मूठ सुपात टाकते. ज्याच्या नावाची मूठ निघाली नाही, त्याने रोटाला हात लावायचा नाही.

या घरातली थोरली बाई म्हणजे मंजुळाबाई, सुलक्षणाची मोठी माय, म्हणजे थोरली काकू. तिचे यजमान सुपडूआबा वारले त्यालाही आता बराच काळ झाला. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण सगळी भाऊबंदकी तिच्या तोंडपाठ होती. होती म्हणतो, कारण मागच्या वर्षी ती चुकली. सोमवारी सकाळी पंगत बसली, जळगावहून आलेल्या झुलालकाकांच्या ताटात रोट वाढायला ती वाकली आणि तिचा हात तसाच थांबला. तिच्या लक्षात आलं की झुलालच्या घरातल्या कोणाचीच मूठ आपण घेतली नाही. लपवता आलं असतं, पण देवीच्या कामात ती खोटं बोलणारी नाही.

"झुलाल," ती म्हणाली, "तुन्ही मूठ ऱ्हायनी रे भाऊ."

झुलालकाका ताटावरून उठले. त्यांनी बायकोला, सुनंदाबाईंना, पिशवी भरायला सांगितली आणि मुलांसह मिळेल ती गाडी धरून ते निघून गेले. जन्मघरी आपण मोजण्यातच नाही, हे त्यांना फार लागलं. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही आणि इकडून केलेला त्यांनी उचलला नाही.

मंजुळाबाई त्या दिवशी माझ्याजवळच भिंतीला टेकून बसली होती. सुलक्षणाला म्हणाली, "पुढला सालपाईन मी मुठी लेवाव नही. मन्हा ध्यानमा ऱ्हास नही आते." तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मला तेव्हा तिची फार दया आली.

सुलक्षणाने त्याच आठवड्यात मला उघडलं. तिला एक प्रोग्रॅम करायचा होता. मोठ्या मायने नुसतं लांब बटण दाबायचं, की एक नाव ऐकू येईल. मूठ सुपात टाकायची, पुन्हा बटण दाबायचं, पुढचं नाव. वाचायला नको, आठवायला नको, कोणी सांगायला नको. नावं सुलक्षणाच्याच आवाजात. मंजुळाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचार करून म्हणाली, "मानसं बोलानं नही, आशी रीत शे. डब्बा बोलना तर चालस." त्या दिवसापासून या घरात माझं नाव डब्बा पडलं.

पण पहिल्याच घासाला खडा लागला. नावं कुठून आणायची? सुलक्षणाने दीपकच्या लग्नाची पत्रिका काढली. दीपक म्हणजे मंजुळाबाईचा मुलगा, त्याच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरानवरीला थोडीशी जागा मिळते, बाकी सगळी जागा नातेवाइकांच्या नावांची. सुलक्षणाला वाटलं, आयती यादी मिळाली. तिने सगळी नावं आवाजात भरली आणि मोठ्या मायला बोलावून बटण दाबायला दिलं.

दोन-चार नावं बरी गेली. मग एका जावयाचं नाव आलं, मागोमाग दुसऱ्याचं, मग दीपकच्या मामांचं. मंजुळाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "जवाईसले रोट देस का कोनी? सगळा गावना गहू लागी तुले!" सुलक्षणाही हसली. हसता हसताच मंजुळाबाईने पुन्हा बटण दाबलं, आणि मी म्हणालो, "सुपडूआबा."

पत्रिकेत वारलेल्यांचीही नावं असतात, हे भराभर नावं भरताना सुलक्षणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मंजुळाबाईचं हसू थांबलं. ती हळूच म्हणाली, "ज्या गयात त्यासना गहू दळतस नही, सुलू." उठता उठता पुन्हा म्हणाली, "पन नाव पुसू नको. निराळं ठेव."

सुलक्षणाने ते नाव निराळं ठेवलं, एका वेगळ्या बटणावर. अजूनही मंजुळाबाई कधीतरी येते, ते एकच बटण दाबते, ऐकते आणि म्हशीला चारा घालायला जाते.

त्यानंतर सुलक्षणा घरोघरी फिरली. कोणाकडे सून आली, कोणाकडे बाळ झालं, कोण सुरतेला गेलं, सगळं विचारून आली. काम छान चाललं होतं. मग उन्हाळा लागला आणि सुट्टीत तिचा आतेभाऊ ललित पुण्याहून आला. तो इंजिनिअरिंग करतो. मुलगा वाईट नाही, पण त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "अगं, नावं तर मोबाइलमध्येही लिहिता येतात. एवढ्यासाठी प्रोग्रॅम? आणि तोही या डब्यावर? आधी नवा लॅपटॉप घे, मग काहीतरी मोठं कर."

बोलून तो आमरस खायला गेला. सुलक्षणा मात्र तिथंच बसून राहिली. मोठ्या मायला वाचता येत नाही, हे तिला सांगता आलं असतं, पण त्या वेळी तिला तिचं काम एकदम पोरखेळ वाटलं. तिने मला मिटलं आणि धान्याच्या कोठीवर ठेवून दिलं. पुढे माझ्यावर कांद्याच्या बियाण्याची पिशवी आली. ती एसटीत मोबाइलवर दुसऱ्यांचे प्रोग्रॅम बघायची, त्यांची टेबलं, त्यांचे मोठे पडदे बघायची, आणि घरी येऊन जेवून झोपायची. मित्रांनो, मी कपाटातले दिवस काढले आहेत, पण ते कोठीवरचे दिवस जास्त जड गेले. कपाटात मला कोणाची वाट बघायची नव्हती.

मला खाली आणलं ते मंजुळाबाईने. ती रोज संध्याकाळी दारात येऊन विचारायची, "व्हयनं का व सुलू?" सुलक्षणा कधी म्हणायची लाईट नव्हती, कधी म्हणायची दमले. एक दिवस ती म्हणाली, "नवा लॅपटॉप लिसू तव्हय करसू, मोठी माय."

"नवा कव्हय येई?"

"दिवाळीले येई."

"कानबाई दिवाळीलगून थांबाव नही," मंजुळाबाई म्हणाली. "मन्हं काम या डब्बावर व्हई का नही, तेवढं सांग."

सुलक्षणाने कोठीवरच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "व्हई."

"मंग उतार त्याले खाले."

तेव्हापासून एक नेम ठरला. मंजुळाबाई म्हशीचं दूध काढायला बसली की सुलक्षणाने माझ्यासमोर बसायचं आणि ती चरवी घेऊन घरात आली की उठायचं. तेवढ्या वेळात कधी एकच नाव भरून व्हायचं, कधी एखादी चूक सापडायची. पण रोज काहीतरी व्हायचं, आणि रोज कोणीतरी विचारणारं असायचं. गुबगुबीत खुर्चीवर घरचं मांजर झोपू लागलं. सुलक्षणा माझ्यासमोर पाटावर बसायची.

नावं कोणत्या क्रमाने घ्यायची, हे तिने मोठ्या मायला विचारलं. रीत थोरल्यापासून सुरू करायची. पण मंजुळाबाई म्हणाली, "आवंदा पहिलं नाव झुलालनं ऱ्हाऊ दे." मग सुलक्षणाने अशी सोय केली की मी सुरू झालो की प्रोग्रॅम आपोआप उघडेल आणि बटण दाबताच पहिलं नाव तेच येईल.

आणि मित्रांनो, आषाढात, कानबाई तोंडावर आलेली असताना, मी बंद पडलो. चार्जरची पिन जिथं घालतात ती जागाच माझी गेली. सगळं काम माझ्याच पोटात होतं, दुसरीकडे कुठं उतरवून ठेवलेलं नव्हतं. धुळ्याच्या एका दुकानदाराने मला उलटसुलट केलं आणि या मॉडेलचे भाग आता येत नाहीत, म्हणून सांगितलं. सुलक्षणा मला पोटाशी धरून धुळ्याच्या स्टँडवर बसली. साक्रीची गाडी लागली, सुटली. मग जळगावची लागली. ती उठली आणि जळगावच्या गाडीत बसली.

झुलालकाकांनी दार उघडलं. आत ये, असं सुनंदाबाईंनीच म्हटलं. काकांनी गावाकडचं काही विचारलं नाही. सुलक्षणाने मला पुढे केलं. "काका, हाऊ बंद पडना."

काकांनी मला हातात घेतलं, कपड्याने पुसलं आणि पलंगाखालून माझ्या भावाला काढलं. सुनंदाबाई सुलक्षणाला चहाला आत घेऊन गेल्या. काकांनी भावाचं पोट उघडलं, त्याची चार्जिंगची जागा काढली आणि मला बसवली. ज्या भावाला आयुष्यात पुन्हा जाग येणार नव्हती, त्याने मला जागं केलं. त्याचे आभार मी कसे मानू, मला अजून कळत नाही.

माझा पडदा उजळला. बटणं चालतात का हे बघायला काकांनी लांब बटण दाबलं.

"झुलालकाका," मी म्हणालो.

काकांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा दाबलं. "सुनंदाकाकू." मग त्यांच्या मुलांची नावं, एकामागून एक. काका ऐकत राहिले. सुलक्षणा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "मन्हं नाव पहिले कोनी टाकं?"

"मोठी मायनी सांगं," ती म्हणाली. "मुठी लेवाले हाऊच डब्बा शे आते. तिन्हा ध्यानमा ऱ्हास नही, काका. तुम्हनावर राग नव्हता तिन्हा कधी."

काका इकडेतिकडे स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता. शेवटी माझं झाकण लावताना म्हणाले, "याना 'ळ'नं बटन बी घट्ट शे." आणि जरा थांबून, "कानबाईले येसू, तव्हय करसू."

सुनंदाबाईंनी चहात साखर घातली होती की नाही, मला माहीत नाही. सुलक्षणा तो रडत रडतच प्यायली. गावी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे सगळा प्रोग्रॅम एका पेन ड्राइव्हमध्ये उतरवला आणि तो घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला.

मुठी घ्यायचा दिवस आला. मंजुळाबाई न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन देवघरात बसली. समोर सूप, बाजूला गव्हाची पाटी आणि पाटावर मी. दार लोटून घेतलं. ती बटण दाबायची, मी नाव सांगायचो, मूठ सुपात पडायची. पहिलं नाव ऐकताना तिने डोळे मिटले आणि झुलालकाकांची मूठ जरा गच्चच भरली. नावं अर्ध्यावर आली आणि लाईट गेली. माझी बॅटरी कशी आहे हे मला ठाऊक होतं. बाहेर सुलक्षणा दाराला कान लावून उभी असणार, आणि तिला आत येता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. मी जन्मात कधी एवढा दम धरला नव्हता. शेवटचं नाव सांगितलं, पडद्यावर सुलक्षणाने लिहिलेली ओळ आली, "बठ्ठा उनात." म्हणजे सगळे आले.

मंजुळाबाईला ती वाचता येत नव्हती, पण आवाज थांबला यावरून ती समजली. ती उठली मात्र नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या झाकणावर हात ठेवला आणि काही न बोलता सुपात आणखी एक सव्वा मूठ टाकली. ती कोणाची, हे मला तेव्हा कळलं नाही. मी तेवढ्यात मालवलो होतो.

ते कळलं सोमवारी. रविवारी झुलालकाका सहकुटुंब आले होते आणि आल्या आल्या वहिनीच्या पाया पडले होते. सोमवारी पंगत बसली. मंजुळाबाईने त्यांच्या ताटात त्यांचा रोट वाढला, आणि मग आणखी एक तुकडा हातात धरून ती उभी राहिली.

"हाऊ कोना, वहिनी?" काकांनी विचारलं.

"डब्बाना," ती म्हणाली. "त्यानी बी मूठ लिधी मी. पन त्याले तोंड नही."

पंगतीत हसू पसरलं. झुलालकाका हसले नाहीत. त्यांनी ताट पुढे केलं आणि म्हणाले, "त्याले मीच आनेल शे. मीच खासू."

आणि मागच्या वर्षी याच पंगतीतून उपाशी उठलेल्या त्या माणसाने आपल्या वाट्याबरोबर माझाही वाटा खाल्ला. मित्रांनो, कपाटातल्या अंधारात मला कोणी सांगितलं असतं की एक दिवस तू एका घराण्यात मोजला जाशील, तर मी विश्वास ठेवला नसता.

तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र असेल आणि त्याच्या पोटात तुमचं एखादं अर्धं काम असेल. त्यावरची धूळ पुसा. त्याच्या चार्जरच्या वायरला गाठी मारू नका. केलेलं काम आणखी एका जागी उतरवून ठेवा, नाहीतर सुलक्षणासारखे यंत्र पोटाशी धरून स्टँडवर बसाल. नवं सामान येईल तेव्हा येईल, तोवर आहे त्याच्यासमोर रोज थोडा वेळ बसा. आणि "झालं का?" असं विचारणारं माणूस दारात आलं, तर त्याला टाळू नका. मला कोठीवरून खाली त्याच प्रश्नाने आणलं.

सध्या सुलक्षणाने साक्री-धुळे एसटीचा प्रोग्रॅम पुन्हा उघडला आहे. मंजुळाबाई म्हशीकडे जाताना तेही विचारते. 'ळ'चं बटण अजून तसंच घट्ट आहे. कानबाईच्या गडबडीत काकांना वेळच झाला नाही, आता ते दिवाळीला येणार आहेत.